मागच्या बाकावरचे काका

मंगळ, ४ फेब्रु., नेपरव्हिल (शिकागोजवळ)
रिटायर लोकांना कॉलेजात फुकट बसू देतात, म्हणून जर्मनीच्या इतिहासाचा क्लास धरलाय. माझी जागा मागची. डावा कान गेलेला, उजवा जेमतेम. म्हणून लेक्चर फोनवर रेकॉर्ड करतो, घरी मोठ्याने ऐकतो. आज १८१७. विद्यार्थी वार्टबर्गच्या किल्ल्यावर जमले. सगळी संस्थानं मोडून एक देश हवा, बोलायला मोकळीक हवी. मजा आली.
वर्गात एक मराठी पोरगी निघाली! ऋतुजा. गाव कुठलं, आडनाव काय, राहतेस कुठे, रूममेट कोण, व्हिसा कधीपर्यंत, सगळं विचारलं. तुटक बोलली. शिंगं फुटलीत हल्लीच्या पोरांना.

गुरु, ६
मी आलो की पोरं गप्प. कुठेतरी पाणी मुरतंय. कँपसवर निदर्शनं चाललीत, ऋतुजाने भाषण ठोकलं म्हणे. विचारलं, "कोण कोण होतं गं?"
"मला नाही माहीत, काका."
धडधडीत खोटं! वासंती म्हणते, बायको सोडून तुमचा सगळ्या जगावर संशय. असेल.

मंगळ, ११
ऋतुजा आली नाही. शेजारच्या पोराला विचारलं, कुठे असते ती? त्याने लॅपटॉपच मिटला. काय चाललंय यांचं...

गुरु, १३
१८१९. एका विद्यार्थ्याने एका नाटककाराला रशियाचा हेर समजून भोसकलं. मग संघटनांवर बंदी, आणि प्रत्येक विद्यापीठावर सरकारचा माणूस, कोण काय बोलतं ते बघायला. प्रो. एवढं म्हणाल्या आणि अख्खा वर्ग मागे वळून माझ्याकडे बघायला लागला. फोन बाकावर, रेकॉर्डिंग चालू.
अरे देवा.
वासंतीला सांगितलं. हसेल वाटलं होतं. म्हणाली, "व्हिसा कधीपर्यंत, हेही विचारलंत?"

मंगळ, १८
ऋतुजाला पार्किंगपाशी गाठलं. तिच्यासमोर सगळं डिलीट केलं. म्हटलं, अगं, मला ऐकू येत नाही म्हणून रेकॉर्ड करायचो. आणि आपल्यात विचारतातच ना असं!
"हो काका, माझे बाबाही विचारतात. पण इथे मी माणूस ओळखायला चुकले तर मला परत पाठवतील."
फार वाईट वाटलं.

गुरु, २०
फोन घरी ठेवला. पहिल्या बाकावर बसलो. ऋतुजा आली! मागे बसली. प्रो. काहीतरी म्हणाल्या, वर्ग खदखदून हसला. मला कप्पाळ ऐकू आलं. वळलो तर ऋतुजा माझ्याकडेच टक लावून बघत होती. गडबडलो, घाईघाईने मीही हसलो.
आता म्हणत असेल, म्हाताऱ्याला सगळं ऐकू येतं.