धुरपताबाईची बाळंतपणाची रजा

प्रति,
मेहेरबान तहसीलदार साहेब,
तहसील कचेरी, परंडा,
जिल्हा उस्मानाबाद.

विषय: सभासद धुरपताबाई हिने मंडळाची केलेली फसवणूक व त्याबाबत एक परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ: मंडळाच्या नियमांचे कलम सात.

महोदय,

अर्जदार कल्याणप्पा शरणप्पा, चिटणीस, जिनिंग मजूर हितवर्धक मंडळ, अदबीने अर्ज गुदरतो तो असा.

१. आमचे मंडळ केवळ मजुरीसाठी भांडणारे नाही. मंडळाचा आखाडा आहे, सोमवारचे भजन आहे, संक्रांतीचे हळदीकुंकू आहे. सरकी काढण्याच्या रेच्यावर कापूस घालणाऱ्या सभासद बाईस बाळंतपणात चाळीस दिवसांची रजा मिळते व तिची जागा दुसरीस दिली जात नाही. ही सवलत मालकांकडून मीच मिळवली, हे नम्रपणे नमूद करतो.

२. सवलतीस अट आहे. मूल बारशापूर्वी दगावल्यास रजा तिथेच संपते, कारण रजा मुलास पाजण्यासाठी आहे, बाईने घरी बसून रडण्यासाठी नाही. बारशानंतर दगावल्यास मात्र रजा पूर्ण मिळते. हे कलम मी स्वतः लिहिले असून आजवर कोणी त्यास नाव ठेवलेले नाही.

३. चालू महिन्यात, १२ इस्फंदार रोजी, मंडळाने सामुदायिक बारसे केले. पाच बाळंतिणी, पाच पाळणे, आणि मांडवात खुद्द मालकीणबाई. धुरपताबाईच्या मांडीवरील मुलाचे नाव त्यांनी आपल्या तोंडाने महारुद्र ठेवले. समारंभ आटोपताच चन्नम्मा नावाची शेजारीण पुढे येऊन मूल मागू लागली. धुरपताबाई बराच वेळ ते देईना. चौकशीअंती मूल चन्नम्माचे निघाले. चन्नम्मा मंडळाची सभासद नाही. शिवाय तिने मुलाचे नाव घरी आधीच धोंडप्पा ठेवलेले. आता दिलेले नाव परत कसे घ्यावे, यावर कार्यकारिणीच्या दोन बैठका झाल्या, निर्णय नाही.

४. धुरपताबाईचे स्वतःचे मूल वारले आहे, यात वाद नाही. वाद तारखेचा आहे. ते बारशाच्या आधीच वारले, असा मंडळास दाट संशय आहे. तिची जबानी तिच्याच शब्दांत देतो: "पोर तापानं फणफणलं व्हतं, म्हणून घरी ठिवलं. पाळणा रिकामा ऱ्हाईल तर रजा जाईल, म्हणून चन्नम्माचं मागून आणलं. माजं सांजच्याला गेलं. पोर गेलं म्हणून म्या बाळंतीण न्हाय व्हय?" या प्रश्नास नियमांत उत्तर नाही.

५. संशयाचा निकाल लागेपर्यंत तिला १४ तारखेपासून रेच्यावर उभे केले आहे. तिच्या अंगावरील दुधाने कापूस भिजतो व रेच्यात गुंता होतो, अशी मुकादमाची तक्रार आली. त्यावरून छाती फडक्याने आवळून बांधण्याची समज मंडळाने तिला दिली. काल ती दोनदा खाली बसली. मालकांपुढे मंडळाची मान खाली गेली, याचे मला फार वाईट वाटते. अशा बायांमुळेच सवलती जातात.

६. सबब विनंती की, सदर मूल जेथे पुरले तो खड्डा उकरून, दवाखान्याच्या डॉक्टरांकडून मूल किती दिवसांपूर्वी वारले याची शहानिशा करण्यास परवानगी द्यावी. मूल बारशानंतर वारल्याचे ठरल्यास उरलेली रजा तिला आनंदाने देऊ; मंडळ अन्याय करीत नाही. सरकारास मजूर पुरविण्याची तोशीस पडणार नाही. खोदकाम श्रमदानाने होईल. जागा ओढ्याकाठी असून ती फक्त धुरपताबाईचा नवरा गोरोबा यास ठाऊक आहे. तोही सभासद असल्याने श्रमदान त्यास बंधनकारक आहे. फावडे त्याच्याच हाती देण्यात येईल.

आपल्या हुकमाची वाट पाहणारा नम्र,
कल्याणप्पा शरणप्पा
चिटणीस
२१ इस्फंदार १३५५ फसली

सोबत:
१. सामुदायिक बारशाचा छापील कार्यक्रम.
२. मुकादमाची तक्रार.
३. गोरोबाचे संमतीपत्र, अंगठ्यासह. (मजकूर त्यास जागेवर वाचून दाखविण्यात येईल.)