राजपुत्राचं दीड पानाचं भाषण

बाबा, आईच्या दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, आणि त्यामुळे मी सध्या रोज संध्याकाळी एका राजपुत्राच्या प्रेमप्रकरणात अडकलो आहे. पुस्तक इंग्रजी आहे, पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींसाठी लिहिलेलं. मुखपृष्ठ गुलाबी, त्यावर चमचमणारा मुकुट. निवृत्तीला आलेला तुमचा मुलगा ऑफिसातून येतो, हातपाय धुतो, आईच्या पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसतो आणि त्या पुस्तकाचं जमेल तसं मराठी करून मोठ्याने वाचतो. तुम्ही असतात तर दारातूनच परत फिरला असतात.

सुरुवात तुमच्या नातीने केली. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. तुमच्यानंतर चार-पाच वर्षांनी झाली. उन्हाळ्यात आईच्या पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ती घरी होती. डॉक्टरांनी टीव्ही बंद केला, वाचन बंद केलं, आणि आई भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली. जेवणाला हाक मारली तर "ठेवा झाकून" म्हणायची. साकेत नगरातल्या या घरात आम्ही तिला असं गप्प कधी पाहिलं नव्हतं, आणि मला भीती वाटली होती, बाबा, खरोखरची. तेव्हा नातीने आपल्या खोलीतून हे पुस्तक आणलं, पहिला भाग, आणि आजीला वाचून दाखवायला लागली. तिसऱ्या दिवशी आई उठून बसली आणि म्हणाली, "भूक लागली आहे. पण आधी तो बोटीवर चढला का ते सांग."

मग नात शिकायला पुण्याला गेली. थंडीत दुसऱ्या डोळ्याची वेळ आली तेव्हा तिने कुरियरने दुसरा भाग पाठवला आणि मला फोनवर सांगितलं, "बाबा, आजीला रोज वाचून दाखव. आणि प्लीज, काही गाळू नकोस. तिला कळतं."

पहिल्या संध्याकाळी मी पुस्तक उघडलं आणि मला कोण कोणाचं काय लागतं हेच कळेना. मग आईने, डोळ्यावर हिरवी पट्टी असताना, मला पहिला भाग सांगितला. कुठल्याशा थंड समुद्रातलं एक चिमुकलं राज्य. तिथला धाकटा राजपुत्र. थोरल्याला गादी नको, त्याला मासे पकडायचे आहेत. धाकट्याचं फेरीबोटीवर तिकिटं फाडणाऱ्या एका मुलीशी जमतं. राजाची आई, म्हणजे म्हातारी महाराणी, या लग्नाच्या विरोधात. "पहिल्या भागात साखरपुडा झाला," आई म्हणाली. "आता ती राजवाड्यात राहायला आली असेल. बघ."

ती खरंच आली होती. मी वाचू लागलो. माझं मराठी भोपाळात वाढलेलं, तुम्ही हयातभर दुरुस्त करूनही तसंच राहिलेलं. "राजकुमारला काही फरक नाही पडला," मी म्हणालो की आई लगेच, "पडला नाही, म्हण. आणि राजकुमाराला." बटलरला काय म्हणायचं म्हणून मी अडलो तर म्हणाली, "बटलरच म्हण. मी काय खेड्यातून आले आहे?" हे सगळं निभलं असतं. पण चौथ्या प्रकरणात ती दोघं राजवाड्याच्या गच्चीवर गेली, चंद्र वगैरे होता, आणि पुढचा परिच्छेद मी आधी डोळ्यांनी वाचला आणि माझे कान तापले. आईसमोर, बाबा! मी खाकरलो आणि म्हणालो, "मग त्याने तिच्या कपाळाला हात लावला."

"ताप होता का तिला?" आईने विचारलं.

मी घाईने पान उलटलं, आणि बहुतेक दोन उलटली. "दुसऱ्या दिवशी सकाळी..."

"दोन पानं गेली," आई म्हणाली. "मी पट्टी डोळ्याला बांधली आहे, कानाला नाही. मागे जा."

मी मागे गेलो. ते कसं वाचलं ते तुम्हाला सांगणार नाही. एवढंच सांगतो की मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत, टेंडरच्या अटी वाचाव्यात तशा आवाजात वाचलं, आणि आईने शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "एवढंच ना? तुझी मुलगी असलं मला न अडखळता वाचून दाखवायची."

आमच्याकडे संध्याकाळी स्वयंपाकाला एक बाई येतात. इथल्याच आहेत, मराठी येत नाही. दोन-चार दिवस त्यांनी पोळ्या लाटता लाटता ऐकलं आणि मग एकदा लाटणं हातात घेऊनच खोलीच्या दारात आल्या. "साहब, वो बुढ़िया रानी मानी कि नहीं?" तेव्हापासून मी इंग्रजीचं मराठी करतो, आणि आई त्या मराठीचं हिंदी करून बाईंना सांगते. आईच्या हिंदीत महाराणी मूळ पुस्तकापेक्षा पुष्कळ भारदस्त होते. राणी नुसती "नाही" म्हणाली असेल, तर आई सांगते, "रानी बोली, मेरे जीते जी ये नहीं होगा." मी म्हणतो, "आई, असं नाहीये त्यात." आई म्हणते, "तिच्या मनात तेच आहे."

मला तुमची आठवण याच सुमारास यायला लागली. तुमच्या टर्बाइनच्या फॅक्टरीच्या क्वार्टरमधलं आपलं स्वयंपाकघर, ओट्याशेजारी मी अभ्यासाला बसलेलो, भूमितीच्या पुस्तकात गोष्टीचं पुस्तक. तुम्ही पाळीवरून आलात, जेवणाचा डबा ठेवलात, माझ्या मागे उभे राहिलात, ओरडला नाहीत. तेच वाईट होतं. म्हणालात, "शेवटी त्यांचं लग्न होतं. आता कळलं ना? मग ते मीट आणि त्रिकोण काढ." त्या वर्षी वाढदिवसाला तुम्ही मला लॉगॅरिदमची कोष्टकं दिली होतीत, कव्हर घालून, आत सुवाच्य अक्षरात माझं नाव. मी ते पुस्तक घेऊन मित्रांकडे जाऊ शकलो नाही, हे उघड आहे. तुमच्याबद्दल माझं मत तेव्हाच ठरलं, ते असं, की हा माणूस टर्बाइनशी बोलत असेल, पण माणसांशी याला काही बोलायचं नसतं. तुम्ही आईशी बोललेलं मला आठवतं ते सगळं "मीठ कमी आहे" आणि "किल्ली कुठे आहे" असं. मी मोठा झालो, माझं लग्न झालं, आणि माझ्या बायकोला विचाराल तर ती सांगेल की मीही किल्लीच विचारतो.

तर पुस्तकात मध्यावर मोठं भांडण झालं. राजवाड्यात त्या मुलीला चमचे कसे धरायचे, जिना कसा उतरायचा, हे शिकवणं चाललं होतं, आणि राजपुत्र तिच्या बाजूने एक शब्द बोलत नव्हता. एक दिवस भर मेजवानीत महाराणी तिला टाकून बोलली आणि हा सूप पीत राहिला. मुलगी उठली आणि सरळ आईकडे, फेरीबोटीच्या गावी, निघून गेली. आपली आई गंमत म्हणजे आता महाराणीकडे झुकली होती ("तिनेही कधीतरी हेच सोसलं असेल"), पण सुपावर तिने राजपुत्राला माफ केलं नाही. बाईंनी तर लाटणं उगारलं. "छोड़ दो ऐसे लड़के को!"

मग परवाची संध्याकाळ. आईची पट्टी निघून आठवडा होऊन गेला आहे, हे सांगायला हवं. पंख्यावरची धूळ तिला पलंगावरून दिसते, पण पुस्तकाची वेळ झाली की तिला अंधुक दिसायला लागतं, आणि आम्हीही काही म्हणत नाही. तर परवा राजपुत्र तिच्या गावी गेला, बोटीच्या धक्क्यावर उभा राहिला आणि बोलायला लागला. दीड पान. मी ते सावकाश, नीट वाचलं. मी भित्रा होतो, तू अपमान सोसत होतीस आणि मी ताटाकडे बघत होतो, तुझ्याशिवाय तो राजवाडा मला धर्मशाळेसारखा वाटतो, असं सगळं. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, मिक्सर बंद करून. शेवटी राजपुत्र म्हणतो, "आणि तू केलेल्या चहाशिवाय माझा दिवस सुरू होत नाही, हे मी तुला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नाही."

"चहा पितात तिकडे?" आई म्हणाली. मग बराच वेळ हसत राहिली. मला वाटलं चहावर हसते आहे. पण ती म्हणाली, "एवढं बोलला! तुझे बाबा आले होते तेव्हा पाच शब्दसुद्धा बोलले नव्हते."

बाबा, हे मला माहीत नव्हतं. लग्नाला वर्ष झालं असताना ती तुम्हाला सोडून साताऱ्याला माहेरी निघून गेली होती. नवं गाव, भाषा येत नाही, क्वार्टर वरच्या मजल्यावर, नळ खाली आणि पाणी पहाटे. ती बादल्या वर चढवायची, आणि एकदा थकून रडली तेव्हा तुम्ही म्हणालात, इथे सगळ्याच बायका भरतात. शेजारचं कुटुंब सुट्टीला निघालं होतं, त्यांच्याबरोबर ती गेली. महिन्याभराने तुम्ही साताऱ्याला पोचलात. तिच्या वडिलांशी ओसरीवर बसून तासभर टर्बाइनबद्दल बोललात. तिने पोह्यांची ताटली आणून ठेवली, तेव्हा त्या ताटलीकडे बघून म्हणालात, "आता पाणी मी भरतो."

"मी विचारलं, रोज?" आई म्हणाली. "म्हणाले, रोज. मग मी ट्रंक भरायला घेतली."

मी पुस्तक मांडीवर तसंच ठेवून बसलो. मला तुम्ही दिसत होतात, बनियनवर, पहाटेच्या अंधारात जिना चढताना, दोन्ही हातांत बादल्या, थंडीतसुद्धा. रात्रपाळी करून आलात तरी आधी पाणी आणि मग झोप. तुमच्या अंगात ताप असताना मी म्हणालो होतो, बाबा, आज मी भरतो, तर माझ्या हातातून बादली काढून घेतलीत. मला वाटायचं ती तुमची शिस्त आहे. मी तुम्हाला टर्बाइनच्या जातीचं समजत होतो, आणि आई आत अंथरुणात त्या बादल्यांचा आवाज ऐकत पडलेली असायची.

बाईंनी आईकडून हिंदीत सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "अम्माजी, आपका वाला अच्छा था." मग त्या गेल्या, आई जेवली, झोपली. बायको ओटा पुसत होती. मी पाण्याचा पेला घ्यायला आत गेलो तर माझ्याकडे न बघता म्हणाली, "आईंना वाचून दाखवत होतात हे मला कळतं. पण लग्न झाल्यापासून तुमच्या तोंडून असली वाक्यं पहिल्यांदाच ऐकली. छान लिहिलं आहे हो त्या लेखिकेने, तो चहाचा भाग विशेष."

मी "हं" म्हणालो आणि पेला घेऊन बाहेर आलो. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून तुम्हाला तेवढं सांगून टाकतो. त्या पुस्तकात चहा कुठेच नाही.