लालीला घेऊन चाललेय

एल्डोरेट, ३ जून १९८७
नेलिमामावशीस सा. न.

आणि वर लालीच वाईट? भर दुपारी, मका टिपायच्या वेळी, तुझी माहेरची तलंग, ती कोवळी कोंबडी, कळपात सोडलीस. मग लाली टोचणार नाही तर काय ओवाळणार? आई गेली तेव्हापासून त्या कोंबड्यांत लालीच थोरली आहे. रविवारी चर्चची मंडळी जेवायला आहेत, एक कोंबडी कापावी लागेल, असं बाबांनी कळवलंय. लालीला हात लावलास तर मी त्या घरात पाऊल टाकणार नाही. नव्या कोंबडीला आई कशी मिसळवायची ते मला ठाऊक आहे. पण मी का सांगू?

बाबांचा खोकला कसाय ते कळव. लोभ आहे तेवढा राहू दे, जास्त मागत नाही.
नसाम्बू

किमिलिली, १० जून
चि. नसाम्बूस अ. आ.

पत्र मिळालं. बाबांना खोकल्यावर आलं-मध देते, बरे आहेत, पण रविवारपासून माझ्याशी बोलत नाहीत. आदल्या दिवशी ते म्हणाले होते, म्हातारी काप नाही तर टोचून बोडकी झालेली ती नवी काप, रोजची कटकट जाईल. लाली तुझ्या आईची. तलंग माझ्या आईनं लग्नात स्वतःच्या ओढणीत बांधून दिलेली. म्हणून मी नुसती मक्याच्या पिठाची उगाली, घेवडा आणि सुकी मासळी वाढली. पाहुण्यांच्या ताटात कोंबडी नाही म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. बायका दारातच म्हणाल्या, बारासाची नवी बायको हाताची आखडती दिसते.

तलंग रांजणामागे बसून असते. दाणे हातावर धरले तरच खाते. अशानं जगायची नाही. तुझी आई काय करायची ते सांगितलंस तर उपकार होतील. नाही सांगितलंस तरी सुट्टीला ये, तुझ्या वाटच्या शेंगा काढून ठेवल्यात.
तुझी, तू म्हणशील ती,
नेलिमा

किमिलिली, शनिवार
धाकट्या आईस शि. सा. न.

तू बाजारात गेलीयस आणि मी तुझ्या चुलीपाशी बसून लिहितेय. तलंगेचं डोकं पाहिलं. बाई गं, लालीनं काही ठेवलंच नाही.

येताना चर्चच्या बायका भेटल्या. त्यांना सांगितलं, कोंबडी कापायला मीच मनाई केली होती, बोलायचं ते मला बोला. बाबांनाही तेच सांगितलं. ते हसले. आज बोलतील तुझ्याशी.

आई नवीला काहीच करायची नाही. टोचणारीलाच थोडे दिवस दुसरीकडे ठेवायची. तेवढ्यात बाकीच्यांना नवीची सवय होते. टोचणारी परत येते तेव्हा तीच नवी असते, गुमान कडेला उभी राहते.

म्हणून लालीला डालग्यात घालून एल्डोरेटला, माझ्या कॉलेजच्या स्वयंपाकीणबाईकडे नेतेय. तिच्या कोंबड्या आडदांड आहेत. कळेल बयेला.

माझ्या आईची कोंबडी राखलीस, त्यापायी चारचौघांत बोलणी खाल्लीस आणि मला एका शब्दानं टोचलं नाहीस. कसं फेडू?

सुट्टीला आम्ही दोघी येऊ, दोघी नव्या. तुझ्या तलंगेला सांग, बेतानं घे म्हणावं. शेंगा खातेय, तू आल्यावर मोजत बसू नकोस. मटाटूवाला बाहेर गाडीचा हॉर्न बडवतोय. तू आलीस तर रडशील, मग माझं जाणं राहील. पत्र तव्याखाली ठेवलंय.

निघाले.