ऑक्सिजन आमचा नाही

४ मार्च, सोमवार. संध्या. ७.१०
साहेबांनी आज मला कारखान्याचा कार्बन प्रमुख केलं. तूर्त हंगामी. आम्ही विमानाच्या चाकांवरचे पाय बनवतो. ते घेणाऱ्या विमान कंपनीने कळवलंय: पाच वर्षांत कार्बन उत्सर्जन चाळीस टक्के खाली आणा, आराखडा पाठवा. आराखडा मंजूर झाला की मी कायम, वर पहिल्या मजल्यावर केबिन. नाही झाला तर परत भट्टीवर. म्हणजे प्रश्नच नाही. बावीस वर्षं भट्टी सांभाळली, सगळं स्वतः शिकलो. डिग्रीवाले तिघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले.
निश्चय: रोज दोन तास अभ्यास.

५ मार्च
अभ्यास पंचवीस मिनिटं. खुर्ची करकरत होती. तेल घातलं. मग घरातल्या उरलेल्या पाच खुर्च्यांनाही.

७ मार्च
गेल्या वर्षीचं आमचं उत्सर्जन ४,८४० टन कार्बन डायऑक्साइड. दोनदा तपासलं. एवढं? काहीतरी खटकतंय. जेवणात लक्ष नाही.

१० मार्च, रविवार
भट्टी गॅस किती खाते ते स्वतः बघावं म्हणून सुट्टीच्या दिवशी रिकामी भट्टी नऊ तास पेटती ठेवली. दर दहा मिनिटांनी मीटर. नोंदी पंचावन्न (सुरुवातीची धरून). भट्टीवरचा फोरमन, ज्याला सगळे पाना म्हणतात, विचारत होता, उत्सर्जन कमी करायचंय ना रे, मग हे काय चाललंय? म्हटलं, मोजल्याशिवाय कमी होत नाही. तर म्हणे, मोजून वाढलं की! याला पद्धत कशाशी खातात ते माहीत नाही.

१२ मार्च. सकाळी ६.२०
सापडलं! दात घासताना.
कार्बन डायऑक्साइडच्या ४४ भागांत कार्बन फक्त १२. बाकी ३२ ऑक्सिजन. तो हवेतून आला, हवेत गेला. आमच्या गॅसमधून येतो तो नुसता कार्बन. मग दुसऱ्याचं वजन आपल्या डोक्यावर का?
४,८४० चे झाले १,३२०. घट ७२.७३ टक्के! एक स्क्रू न हलवता.
हिला उठवून सांगितलं. ही म्हणाली, अहो, मग डॉक्टरांना वजन सांगताना तुमच्या चौऱ्याऐंशी किलोंतलं पाणीही वजा करा, ते नळाचंच आहे. आणि कूस बदलली.
विज्ञान हा हिचा प्रांत नाही.

१३ मार्च
फॉर्म भरला. छापील 'सीओटू'पुढे एक 'ई' जास्त होता, पेनाने खोडला. एवढी मोठी कंपनी आणि छपाई ही अशी! डिग्रीवाल्यांनी फॉर्म बघायला मागितला. दिला नाही. कल्पना ढापतील. साहेब घाईत होते, ७२.७३ बघून उठून हात मिळवला. आतलं पान उलटलं नाही. विश्वास म्हणतात तो हा.

१८ मार्च
उत्तर नाही. फोन आठ वेळा बंद करून चालू केला. वर जाऊन केबिनची खिडकी मोजून आलो. पडद्याला कापड साडेचार मीटर.

२१ मार्च
विमान कंपनीकडून पडताळणी करणाऱ्या बाई आल्या. तिशीच्या असतील. चहाही नको म्हणाल्या. मी खोडलेला 'ई' छपाईची चूक नव्हती, 'इक्विव्हॅलंट' म्हणजे समतुल्यचा होता म्हणे. विचारलं, गेल्या वर्षी कार्बन डायऑक्साइड आणि यंदा नुसता कार्बन, असं का? मी सव्वा तास समजावलं, फळ्यावर आकृतीसह. शांतपणे ऐकलं. मग विचारलं, म्हणजे कारखान्यात नक्की कमी काय झालं? मी म्हटलं, आकडा.
त्यांनी लगेच लिहून घेतलं. पटलेलं दिसतंय.
जाता जाता दहा तारखेच्या गॅसबद्दलही विचारत होत्या. पंचावन्न नोंदी दाखवल्या. थक्कच झाल्या.

२२ मार्च. दुपारी ४.३०
साहेबांनी बोलावलं. दार लावून घ्यायला सांगितलं.
आराखडा नामंजूर. नवा त्या डिग्रीवाल्या तिघांतला धाकटा करणार. सोमवारपासून मी भट्टीवर.
मात्र ७२.७३ टक्क्यांचा दावा चुकीचा होता, तो मागे घेतो, असं पत्र आजच जायला हवं, आणि ते प्रमुखाच्याच सहीने जातं असा नियम. म्हणून चार वाजेपर्यंत मी पदावर होतो.
पत्र टाइप होऊन आलं. तीनदा वाचलं. दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारून घेतले, एक स्वल्पविराम. सहीखाली 'कार्बन प्रमुख' एवढंच होतं. 'हंगामी' राहून गेलं होतं.
ती चूक मी दाखवली नाही.