उद्याची राख

प्रिय मास्तरीणबाई,

तुझ्याच वर्गात, तुझ्याच फळ्यासमोर, पोरांच्या बुटक्या बाकावर गुडघे हनुवटीला टेकवून हे लिहितोय. पावणेपाच झालेत. सहाला तुझी धर्मशिक्षणाची फौज येईल. त्याआधी हे तुझ्या हजेरीपुस्तकात सारून मला पसार व्हायचंय. अक्षर नेहमीपेक्षा घाण आलंय, कारण दोन बोटांना पट्टी आहे. राग आला तरी शेवटपर्यंत वाच, मग खुशाल फाड. कागदांची वाट कशी लावावी यावर बोलायचा अधिकार मला उरलेला नाही, का ते कळेलच.

फळ्यावर तुझं रविवारचं अक्षर तसंच आहे. पापनिवेदनाच्या पायऱ्या: आठवायचं, मनापासून वाईट वाटून घ्यायचं, सांगायचं, भरपाई करायची. ‘भरपाई’शेजारी कुणीतरी चष्मेवाला चेहरा काढलाय, बहुतेक फादर असावेत. रविवारी तू हे शिकवत होतीस तेव्हा मी खिडकीच्या पलीकडे, मागच्या अंगणात होतो. तुझी ती दोन वेण्यांवाली विचारत होती, की टीचर, भावानं आधी मारलं असेल तर माझं पाप अर्धं होतं का? आणि तू म्हणालीस, पाप काय खोडरबर आहे का गं, दोघांत वाटून घ्यायला? पोरं हसली. मीही हसलो असतो. पण माझ्यापुढे पत्र्याच्या डब्यात जाळ होता आणि त्या जाळात मी काय टाकलं होतं ते मला एकट्यालाच माहीत होतं.

जरा मागून सांगतो. सेवेकरी काका वेदीच्या पायरीवरून घसरले, मनगट प्लास्टरमध्ये आहे, हे तुला ठाऊकच आहे. म्हणून राखेचं काम फादरनी माझ्यावर टाकलं. मला आधी बरं वाटलं. दोन वर्षांत कुणी मला विश्वासानं काही सोपवलं नव्हतं. दादा तर घरात मला ‘प्राचार्य’ म्हणतो, कॉलेज अर्धवट सोडलं म्हणून. तीन रविवार घोषणा झाली, लोकांनी गेल्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद घेऊन घरी नेलेल्या झावळ्या आणून दिल्या. काही क्रूसामागे वर्षभर राहून पिवळ्या पडलेल्या, काही आरशामागच्या, एक तर चक्क पोराच्या दप्तरातली, पट्टीसारखी सपाट झालेली. दाराजवळचं खोकं काठोकाठ भरलं. रविवारी दुपारी जाळायच्या, गाळायच्या आणि उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी, म्हणजे उद्या सकाळी, फादरनी ती सगळ्यांच्या कपाळावर लावायची. साधं काम. मीसुद्धा बिघडवू शकणार नाही इतकं साधं.

पण शनिवारी दुकानात मावशी आल्या, तुझ्या आई. मी फ्रेमवाल्याकडे काम करतो हे त्या विसरल्या होत्या का मुद्दाम आल्या होत्या, देव जाणे. पिशवीतून फोटो काढून काउंटरवर ठेवला आणि म्हणाल्या, बारीक सोनेरी पट्टी लाव रे, काच नीट पुसून घे, मागच्या वेळी आत केस राहिला होता. मी फोटो पाहिला. तू, तुझ्या बोटात अंगठी, शेजारी तो औषधांच्या कंपनीतला. केस नीट विंचरलेले, बाही दुमडलेली नाही, नोकरी सोडलेली नाही, कुणावर खेकसलेला नाही. मावशी म्हणाल्या, लग्न ईस्टरनंतर, उपवासकाळ संपला की. मी म्हणालो, बुधवारी या, तयार ठेवतो. आणि त्या गेल्यावर काच कापता कापता अशी दाबली की तडकून तिचे तीन तुकडे झाले. मालकानं ती माझ्या पगारात मांडली.

तू मला काडेपेटी म्हणायचीस. तोपर्यंत ते नाव मला लाडाचं वाटायचं.

रविवारी येताना तुझी पत्रं खिशात घालून आलो. तेवीस. नर्सिंगच्या हॉस्टेलात फोन जप्त करायचे तेव्हाची. वही फाडून लिहिलेली, औषधाच्या जाहिरातीमागे लिहिलेली, एक तर इंजेक्शनच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर. वाटलं होतं नदीत टाकीन. पण जाळ समोर होता. आत तुझा आवाज येत होता, वाईट वाटून घ्या म्हणून सांगणारा, आणि माझं डोकं फिरलं. अख्खी गठडी झावळ्यांवर फेकली. तुझा तो प्लास्टिकमध्ये चिकटवलेला फोटोही. पाच मिनिटांत खेळ खलास. सहाव्या मिनिटाला हात डब्यात घालावासा वाटला. घातलाही. दोन बोटं भाजली. अख्खं पत्र एकही हाताला लागलं नाही.

काल गाळायला बसलो तेव्हा खरी तंतरली. झावळीची राख काळी, मऊ, बोटाला धरते. ही करडी निघाली, पापुद्र्यापापुद्र्याची, आणि मध्ये प्लास्टिकचा चिकट गोळा. काकांच्या घरची चहाची गाळणी वाया घालवली. काका एका हातानं कप धरून बघत होते. म्हणाले, यंदाच्या झावळ्या कुठल्या दुकानातून आल्या रे? मी म्हटलं, ओल्या होत्या. खोटंही बोललो, तेही उपवासकाळाच्या तोंडावर. एका पापुद्र्यावर तुझा ‘ळ’ दिसत होता, शेपटी लांब ओढलेला. राखेवर शाई इतकी स्पष्ट दिसते हे मला माहीत नव्हतं. बोट लावलं तर विरून गेला.

रात्रभर एकच चित्र डोळ्यांसमोर. तीनशे माणसांची रांग, आणि त्यांच्या कपाळावर तू मला लिहिलेलं. भाजीवाल्याच्या कपाळावर, मुख्याध्यापिकेच्या कपाळावर, त्या औषधवाल्याच्या कपाळावर. मग मावशी पुढे येणार. मग तू येणार, केस मागे सारणार, डोळे मिटणार, आणि तुला काही कळणारच नाही. हे न कळणंच मला सहन होईना.

म्हणून आज चार वाजता पापनिवेदनाच्या रांगेत उभा राहिलो. माझ्यापुढे तुझी चार पोरं पाठ केलेली पापं पुटपुटत होती. फादरना सर्दी झालीय, जाळीपलीकडून आधी नाक शिंकरल्याचा आवाज आला. मी सगळं सांगितलं. मला वाटलं, ते ओरडतील, राख फेकून देतील, शेजारच्या धर्मग्रामाच्या चर्चमधून दुसरी मागवतील, सुटलो. त्यांनी पुन्हा नाक शिंकरलं. मग म्हणाले, वेड्या, हे तू मला जाळीतून सांगितलंस. इथं ऐकलेलं मला बाहेर बोलता येत नाही, आणि त्याच्या जोरावर काही करताही येत नाही. उद्या कपाटातून तोच राखेचा डबा काढायचा आणि काही माहीत नसल्यासारखं बोट बुडवायचं, एवढंच माझ्या हातात आहे. मी म्हटलं, पण फादर, ती राख चालते का? ते म्हणाले, कागदही झाडाचाच, देवाचं काही अडत नाही. लोकांनी विश्वासानं झावळ्या दिल्या, ते एक. आणि ते शब्द जिचे, तिला विचारलंस का?

विचारलं नव्हतं. मी तुला कधीच काही विचारलं नाही. कॉलेजात वायवा चालू असताना जर्नल सरांच्या टेबलावर आपटून निघालो तेव्हा तू एकच म्हणालीस, जा, माफी माग, पाच मिनिटांचं काम आहे. मी तुझ्यावरच चिडलो. चार दिवस, चार महिने, मग वर्ष. तू वाट पाहिलीस, हे मला आता कळतं. तू एकदाही टोमणा मारला नाहीस, फक्त पत्रं आखूड होत गेली. शेवटचं तर चार ओळींचं होतं. त्या औषधवाल्याचा यात काही दोष नाही, हे लिहिताना दाढ दुखतेय, पण नाही.

गंमत म्हणजे जाळलेली पत्रं मला तोंडपाठ आहेत. अकरावं बघ. तू लिहिलं होतंस: ‘बाबा गेल्यापासून आईनं एकही झावळी परत दिलेली नाही. क्रूसामागे गड्डी झालीय, सगळ्यात मागे बाबांनी विणलेली वेणी आहे. आई हात लावू देत नाही. मला वाटतं, एकदा द्याव्यात जाळायला. मग एक दिवस तरी बाबा सगळ्या गावाच्या कपाळावर असतील.’

त्यासाठी हे पत्र. फादरनी प्रायश्चित्त म्हणून एकही प्रार्थना दिली नाही. म्हणाले, जिचे शब्द तिला सांग, आणि राखेचं काय करायचं ते तीच ठरवेल. तर सांगितलं. मला माफ कर. साऱ्या धर्मग्रामात आता झावळ्या उरल्यात त्या फक्त तुझ्या घरी. चार वर्षांच्या, त्यांची नवी राख तीनशे कपाळांना पुरेल. मी मागतोय ते किती मोठं आहे हे मला कळतं, म्हणून मावशींना विचारल्याशिवाय आणू नकोस, आणि बाबांची वेणी द्यायची की नाही हे त्यांनाच ठरवू दे. वर्ग सुटल्यावर, सातपासून मी मागच्या अंगणात आहे. जाळायचा पत्र्याचा डबा तीनदा घासलाय. काड्याही आणल्यात, पण मी ओढणार नाही, ओढायची तर तू ओढ. तू आली नाहीस, तर आठला फादरच्या दाराची घंटा वाजवीन आणि जाळीबाहेर, तोंडावर सांगेन. मग उद्या राख नसेल आणि का नाही असं लोक विचारतील, तर पुढे उभा राहून उत्तर मी देईन. तुझं नाव घेणार नाही. पाच मिनिटांचंच काम आहे, तू म्हणायचीस तसं. मावशींना सांग, फ्रेम तयार आहे, नवी काच घातलीय, आत केस नाही, मी उजेडात धरून दोनदा पाहिलं. फाटकाशी पोरांचा गलका ऐकू येतोय, ती दोन वेण्यांवाली सगळ्यांत पुढे आहे. पळतो.

तुझा, जळून उरला तेवढा,
काडेपेटी