हँडलला बांधलेला धागा

वडगाव, मंगळवार संध्याकाळ

आज परत सीट खाली. तीनचाकी सायकलीची सीट मी माझ्या दुखऱ्या गुडघ्याच्या बेतानं लावलीया. सीटपासून पॅडलपर्यंत माप घेऊन मागावरचा लाल धागा तोडला, हँडलला बांधून ठेवला. तरी दुपारी झोपून उठावं तर सीट चार बोटं खाली. पोराचंच काम. बापानं फिरू नये असंच वाटतंय व्हय त्याला?

त्याला झापायलाच निघालो, तर लाल धाग्याशेजारी निळा धागा दिसला. चार बोटं आखूड. गाठ बघितली आणि थांबलो. मागासाठी सुताच्या कांड्या भरताना तुटलेला धागा बायको अशाच गाठीनं जोडते. तिला सायकल जमायची न्हाय, असं मीच सगळ्यांना सांगत आलोय.

सीट निळ्या धाग्याच्या मापावर तशीच ठेवून आलो.