ठशावरची रेघ

सांगली

चि. अर्फा,

त्या दिवशी तू हसत म्हणालीस, "मारा की बाई रेघ, रीतच हाय न्हवं!" ते अजून कानात आहे, म्हणून लिहिते.

राजांच्या टांकसाळीत शिकाऊ उमेदवाराचा ठसा बिघडला, तरच त्यावर रेघ मारून तो बाद करत. माझ्याकडे शिकणाऱ्या तुला मी सांगितले, पहिल्या ठशावर मारतातच, आणि तुझ्या ठशावर रेघ मारली. तुझा ठसा माझ्याहून सरस होता. साताऱ्याच्या संग्रहालयाला नाण्यांचे ठसे कोरणारी एकच व्यक्ती नेमायची होती. माझाच ठसा उरला, मला नेमले.

लाज वाटते. आज नकार कळवून तुझे नाव दिले. कारण मात्र माझ्या वयाचे सांगितले.

तुझ्या अम्मीकडे सोपवले: माझ्या छिन्न्या, हातोडी आणि तुझा रेघ मारलेला ठसा. हे पत्र मात्र त्यांत ठेवले नाही, ते माझ्याजवळच राहील.

संयोगिताबाई